गर्दीतला उजवा हात

दोन शहाणे पुरुष एका निळ्या रंगावर अख्खी संध्याकाळ बोलू शकतात, हे मला लग्नानंतर कळलं. माहेरी लालबागला असलं बोलणं कुणाला परवडलंच नसतं. वडील गिरणीतून यायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. रंगाची गोष्ट निघालीच तर ती खोलीला चुना कधी काढायचा एवढ्यापुरती. इकडे फणसवाडीत आमच्या दोन खोल्यांत दर शनिवारी दिवेलागणीला साहेब यायचे, चपला दाराबाहेर नीट जोडीनं काढायचे आणि खुर्चीत टेकता टेकता मागच्या शनिवारी तुटलेलं वाक्य पुढे चालू करायचे. कसे आहात नाही, बरं आहे ना नाही. "म्हणून म्हणतो मास्तर, सावली काळी नसते," की झाली सुरुवात.

मास्तर म्हणजे आमचे हे. दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचे. खरं तर उलट होतं, पण पगार शाळा द्यायची म्हणून तसं म्हणायचं. साहेब एका लहानशा खाजगी संग्रहालयाचे क्युरेटर होते. मराठीत ह्या हुद्द्याला अभिरक्षक म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे राखणदारच की! त्यांना राग आला नाही. "अगदी बरोबर, वहिनी," म्हणाले, "भिंतीवर लागलेल्या वस्तूला कुणी हात लावू नये, एवढंच माझं काम." मूळचे पुण्याचे, एकटे, खोताच्या वाडीत एका ख्रिस्ती बाईंच्या माडीवर खोली घेऊन राहायचे. आवाज इतका हळू, की चहाचं आधण उकळायला लागलं की मला त्यांचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. आणि नजर माणसावर म्हणून ठरायची नाही. समोर कुणी उभं राहिलं तरी साहेब त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत बोलायचे. चित्रावर मात्र माशी बसली तरी त्यांना दिसायची.

ह्या बोलण्याची सुरुवात भांडणातून झाली होती. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. ह्यांनी चौपाटीवरच्या गर्दीचं एक चित्र संग्रहालयाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी पाठवलं आणि साहेबांनी ते परत केलं. वर निरोप दिला की ही गर्दी नाही, हा एकच माणूस आहे, चाळीस टोप्या घातलेला. हे तणतणत खोताच्या वाडीत गेले. तिथे जे वाजलं ते पुढच्या शनिवारवर गेलं, तिथून त्याच्या पुढच्या, आणि मग कुणालाच ते संपवावंसं वाटलं नाही. साहेबांचं म्हणणं पटल्याचं ह्यांनी कधी कबूल केलं नाही. पण तेव्हापासून एक नेम धरला तो धरलाच. जिवंत माणूस समोर बसवून काढल्याशिवाय चित्रात एकही चेहरा घालायचा नाही. मनाचा चेहरा नाही, आठवणीतला नाही.

त्याचा ताप मला. दूधवाला आला की त्याला बसव, पोस्टमन आला की त्याला बसव. चाळीखालच्या शिंप्याला तर इतक्या वेळा बसवलं, की बिचारा काजं करायला कपडे वर आमच्याकडेच घेऊन यायला लागला. लालबागचा एक साचेवाला, गिरणीत माझ्या वडिलांच्याच खात्यात साचा चालवणारा, एकदा पत्ता विचारत जिना चढला तर त्यालाही चहा पाजून बसवला. लोक हौसेनं बसायचे. फोटो काढायचा तर स्टुडिओत जावं लागे, आणि इथे चहा मिळून वर चित्रात जागा. "मास्तर, माका जरा गोरो दाखवा हां," असं सगळ्यात जास्त सतावायचा तो माझा भाऊ.

तो माझ्याहून लहान. शिवडीला गोदीच्या गुदामात कारकून होता आणि लालबागच्या आमच्या जुन्या खोलीत एकटा राहायचा. आई-वडील दोघंही गेल्यावर माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते हा. लोक म्हणायचे, तो तुला आईच्या ठिकाणी मानतो. मानतो कसला, माझं एक ऐकायचा नाही. रविवारी सकाळी मांदेली नाहीतर बोंबील घेऊन यायचा, आल्या आल्या स्वयंपाकघरात नाक खुपसायचा आणि जेवून लवंडायचा. शनिवारचे साहेब आणि रविवारचा हा, त्यांची कधी गाठच पडली नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं आली. मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही, हा प्रश्न रस्त्यात, जिन्यात, नळावर, सगळीकडे एकच होता. सभा, मोर्चे, हरताळ. गिरगावात गोळ्या चालल्या, लालबाग-परळला चालल्या, संचारबंदी लागली. आमच्या चाळीतल्या बायका दिवसाढवळ्या खिडक्यांच्या झडपा लावून बसायच्या. रस्त्यावर सामसूम असली की बरं वाटायला हवं, पण तेव्हा सामसूम झाली की बायका पोरांना आत ओढायच्या. काहीतरी होणार, हे सगळ्यांना कळायचं आणि काय ते कुणालाच नाही.

त्यातल्याच एका दिवशी हे एका मित्राच्या गॅलरीत अडकून पडले होते. खाली कोपऱ्यावर माणसं जमली होती, समोर पोलीस. ह्यांनी खिशातल्या कागदांवर रेघा ओढल्या आणि घरी आले ते न बोलता. दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, "तुझा भाऊ होता तिथे. सगळ्यांच्या पुढे. उजवा हात असा वर." त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवला. मूठ मिटलेली होती.

रविवारी मी भावाला गाठलं. "मुठीत काय होतं रे तुझ्या?"

"वारो होतो गो," तो म्हणाला आणि हसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताये, माका विचारू नको."

मी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी कोपऱ्यावर एका पोलिसाचं डोकं फुटल्याचं सगळ्या गिरगावला माहीत होतं. कुणाच्या हातानं, ते पोलीस शोधत होते.

त्या कोपऱ्याचं चित्र काढायला ह्यांना बरेच महिने लागले. एवढं मोठं, की बाहेरच्या खोलीची एक भिंत गेली आणि आम्ही त्याच्या पायथ्याशी बसून जेवायचो. त्यात शिंपी होता, तोंड उघडून ओरडणारा. साचेवाला होता, कुणाला तरी मागे ओढणारा. आमचा दूधवाला होता, मी होते, गॅलरीतून वाकलेली, आणि त्या दिवशी तर मी तिथे नव्हतेच. साहेब दर शनिवारी येऊन चष्मा काढायचे आणि कॅनव्हासला नाक लावून बघायचे. "आता ही गर्दी आहे," एकदा म्हणाले. ह्यांनी तिकडे पाठ फिरवली, पण मला दिसलं, डोळे पुसत होते. सगळ्यात पुढचा, हात वर केलेला माणूस तेवढा बाकी होता. चित्र संग्रहालयात जायच्या आदल्या रविवारी भावाला उभं करून ह्यांनी तो पुरा केला. मी म्हटलं, कशाला त्याला घालता? हे म्हणाले, "तो तिथे होता." ह्यावर काय बोलणार? ह्यांच्या लेखी मग नकार द्यायला कारणच उरत नव्हतं.

चित्राला नाव दिलं 'कोपरा'. संग्रहालयाच्या विश्वस्तांनी ते लांबून पाहिलं आणि त्यांना त्यात भाजीबाजार दिसला. साहेबांनी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं धाडस असावं.

प्रदर्शन लागलं आणि पुढच्याच शनिवारी साहेब जवळजवळ धावत जिना चढले. "मास्तर, तुमच्या चित्राला रसिक भेटला!" एक गृहस्थ येतात म्हणे, बाकीच्या दालनांकडे ढुंकूनही न बघता सरळ 'कोपऱ्या'समोर जातात आणि उभे राहतात. एकेका चेहऱ्यासमोर किती वेळ! साहेबांनी आपणहून ओळख करून घेतली होती. अशी नजर मी इतक्या वर्षांत पाहिली नाही, म्हणत होते. हे वरवर नको नको म्हणत होते आणि आतून फुलले होते. मीही खुशीत चहात साखर जास्त घातली.

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. गृहस्थ जवळजवळ रोज येत होते. फार नेमके प्रश्न विचारत होते. चेहरे कल्पनेतले की खरे? खरे असतील तर चित्रकाराला ही माणसं मिळतात कुठे? साहेबांनी त्यांना ह्यांचा नेम समजावून सांगितला होता. प्रत्येक चेहरा जिवंत माणसावरून काढलेला आहे, त्यातलं एक नाकही खोटं नाही, हे अगदी अभिमानानं. त्या आठवड्यात आमच्या चाळीखालच्या शिंप्याला सकाळी दुकानाच्या फळ्या काढतानाच पोलिसांनी उचललं होतं. मशीनवर अर्धवट शिवलेलं झबलं तसंच राहिलं. त्याच्याबद्दल हळहळलो आम्ही तिघंही. शिंपी तोंडाचा फटकळ होता, कुठेतरी काहीतरी बोलला असेल, असं सगळी वाडी म्हणत होती. मीसुद्धा तेच म्हटलं.

मग लालबागहून भावानं बातमी आणली, साचेवाल्याला नेलं. रात्रपाळीहून येताना गिरणीच्या दारातच. मला कसंसंच झालं. पण कसं ते सांगता येईना. चित्र घरातून गेल्यामुळे भिंत मोकळी झाली होती. त्या मोकळ्या भिंतीकडे मला बघवेना. म्हणून मी तिथे कपड्यांची दोरी बांधली.

त्या शनिवारी साहेब जरा संकोचत होते. चहा झाला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, एक विचारायचं होतं. तो पुढचा, हात वर केलेला. त्याच्याबद्दल आपलं बोलणं झालंच नाही. कोण आहे तो? आमच्या गृहस्थांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, मास्तरांनाच विचारून सांगतो. मंगळवारी ते एका मित्राला घेऊन येणार आहेत, खास तेवढ्यासाठी."

हे तोंड उघडणार तेवढ्यात मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "साहेब," मी म्हटलं, "त्या माणसाच्या पायात काय असतं?"

"पायात?"

"हो, पायात. चपला असतात, सँडल असतात, काय असतं?"

त्यांनी पायांकडे असं कधी लक्षच दिलं नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले. चित्र आठवताना मिटायचे तसे. आणि एकेक सांगायला लागले. "तांबूस. जाड चामड्याचे. पुढून गोल, चकचकीत पॉलिश केलेले. आमच्या लाकडी जमिनीवर वाजतात. वर पॅन्ट करडी, साधी... केस मागून कानांवरून सरळ कातरलेले..." सांगता सांगता त्यांचा आवाज बसत गेला. त्यांनी डोळे उघडले आणि पुढे ठेवलेली कपबशी दूर सारली. साध्या कपड्यातला पोलीस बुटांवरून ओळखायचा, हे तेव्हा गिरगावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. ह्या दोघांना नव्हतं कळलं. कुणी चित्राकडे टक लावून बघतो म्हणजे तो रसिकच असणार, ह्यापलीकडे त्यांची अक्कल गेलीच नव्हती.

"शिंप्याचं तुम्ही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. कुठल्या वाडीतला, तेही."

"आणि साचेवाल्याचं?"

त्यांनी होकाराची मान हलवली. मला असा संताप आला, की हातातलं गाळणं मी मोरीत भिरकावलं. इतकी वर्षं ह्या माणसाला पोह्यांवर खोबरं भुरभुरून देत आले होते. "तो हात वर केलेला माझा भाऊ आहे," मी म्हटलं. "सांगा आता मंगळवारी."

आणि ऐका पुढचं. एवढं झाल्यावरही ते दोघं चित्रावरच बोलायला लागले! हे म्हणाले, चेहरा कापून काढतो. साहेब म्हणाले, भोक पडलं तर ते चेहऱ्यापेक्षा जास्त बोलेल. हे म्हणाले, चित्रच उतरवा. साहेब म्हणाले, आज उतरवलं तर त्याला कळेल की आपल्याला कळलं, मग तो इथे येईल. बरोबर होतं ते, पण त्यांच्या त्या हळू आवाजात ऐकताना मला वाटत होतं, ह्यांच्यासाठी माझा भाऊ म्हणजे रंगाचा एक डाग आहे. शेवटी ठरलं ते असं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, किल्ली साहेबांकडे. चेहरा खरवडून तिथे दुसरा काढायचा. मी म्हटलं, मी येणार. कुणी नको म्हणालं नाही.

सोमवारी दुपारी मागच्या दारानं आम्ही आत गेलो. बंद दालनात टर्पेंटाइनचा वास भरला. बाहेर रस्त्यावर कुणी जोरात बोललं तरी आम्ही तिघं थबकायचो. ह्यांनी चाकूनं भावाचा चेहरा खरवडला. मी तिकडे बघू शकले नाही. मग ते नवा चेहरा काढायला लागले, कुणाचाच नसलेला. आधी नाक बदललं, डोळे जवळ आणले. मागे होऊन पाहिलं तर माझा भाऊ. पुन्हा पुसलं. कपाळ रुंद केलं, मिश्या दिल्या. तर मिश्या लावलेला माझा भाऊ. समोर माणूस नसताना चेहरा काढायचं ते विसरूनच गेले होते. हात सरळ शेवटच्या माणसाकडे जात होता.

साहेब कोपऱ्यातून पहारेकऱ्याचं स्टूल घेऊन आले आणि खिडकीच्या उजेडात ठेवून त्यावर बसले. चष्मा काढून खिशात घातला.

"काढा," म्हणाले.

"साहेब, तुम्ही तिथे नव्हता," हे म्हणाले.

"नव्हतो. पण ही सवय तुम्हाला मी लावली. काढा मास्तर, उजेड जाईल."

हे काढत बसले. इतक्या वर्षांत ते दोघं एकत्र असताना शांतता मी पहिल्यांदा ऐकली. हात तोच राहिला, ओरडणारं तोंडही तेच राहिलं. त्याच्या भोवती साहेबांचं कपाळ, साहेबांचे गाल, साहेबांचे ते अधू डोळे. विचित्र दिसत होतं. पण माझा भाऊ त्यात उरला नव्हता, आणि मला तेवढंच हवं होतं.

मंगळवारी हे शाळेत गेले. मला घरी बसवेना. मी संग्रहालयात गेले आणि शेजारच्या दालनात पितळी मूर्तींपुढे हात जोडल्यासारखी उभी राहिले. उघड्या दारातून 'कोपरा' आणि त्याच्या शेजारी उभे साहेब दिसत होते. बूट आधी ऐकू आले. दोन जोड्या. तो गृहस्थ चांगला देखणा होता, बोलणंही सभ्य. त्याच्या मित्राच्या भुवईच्या वर टाक्यांची ठळक खूण होती. मुठीत वारा नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

खूणवाल्यानं चित्रासमोर मान वाकडी केली, सरळ केली. "हात तोच," त्या गृहस्थाला म्हणाला, "पण हा नव्हे."

गृहस्थ पुढे झाला. भिंतीवरच्या चित्राला त्यानं बोट लावलं, आणि आमच्या राखणदारानं त्याला अडवलं नाही. बोटाला रंग लागला. त्यानं बोटाकडे पाहिलं, मग साहेबांच्या चेहऱ्याकडे, मग खिशातून रुमाल काढून बोट सावकाश पुसलं.

"ओलं आहे," तो म्हणाला.

"प्रत्येक चेहरा खऱ्या माणसाचा आहे, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं," साहेब म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू. "हा माझा आहे."

"तुम्ही होता त्या कोपऱ्यावर?"

"होतो."

गृहस्थ हसला. त्याला सगळं समजलं होतं आणि तो रागावलाही नव्हता. त्याचं मला जास्त भय वाटलं. "मग चला," तो म्हणाला. "वाटेत बोलू. तुमच्याशी बोलायला मला आवडतं." साहेबांनी किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि ते त्या दोघांच्या मधून चालत गेले. त्यांना स्थानबद्ध केल्याचं दोन दिवसांनी कळलं.

भावाला हे सांगायचं नाही, असं मी ह्यांना शपथ घालून बजावलं. साहेब सुटतील, त्यांच्या मागे शिकलेली माणसं आहेत. ह्याच्या मागे कोण आहे? रविवारी तो आला, मांदेली आणली, नेहमीसारखा जेवायला बसला. पानावर असतानाच त्यानं सहज विचारलं, "भावोजी, काल साहेब काय म्हणाले चित्राबद्दल?" ह्यांना खोटं बोलता येत नव्हतं. ह्यांनी सगळं सांगितलं, माझ्या डोळ्यांत डोळे न घालता.

भावाचा घास हातातच राहिला. "माझ्या जागी त्या माणसाक नेल्यांनी," तो म्हणाला, "आणि तू माका आमटी वाढतंस?"

"तू गप जेव."

"कसो जेवू?" त्यानं पानातच हात धुतला. आमच्याकडे तसं कुणी करत नाही. मी दाराला आडवी झाले, त्याच्या सदऱ्याला धरलं, वाट्टेल ते बोलले. साहेबांबद्दलही बोलले. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. "ताये, हात माझो होतो," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला. चौकीवर गेला आणि स्वतःच्या पायानं आत गेला.

त्याच्या कबुलीनं साहेब सुटले असं नाही. दोघंही आत राहिले. साहेबांना काही आठवड्यांनी सोडलं. संग्रहालयानं तोवर त्यांची जागा भरली होती आणि चित्र हातगाडीवरून परत पाठवलं होतं. ते आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवलं. साहेब एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. शनिवारी पुन्हा यायला लागले, पण आता बोलणं पुढे सरकत नव्हतं. जिन्यात बूट वाजले की दोघं वाक्य अर्ध्यावर सोडायचे, आणि बूट वरच्या मजल्यावर गेले तरी ते वाक्य परत उचलायचे नाहीत. मी चहा द्यायची. त्यांना दोष देणं मला जमत नव्हतं आणि न देणंही जमत नव्हतं.

भाऊ सुटला तो पुढच्या दिवाळीच्या तोंडावर. वाळला होता. गुदामातली नोकरी गेली होती. घरात आला आणि डाव्या हातानं पाणी प्यायला. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. "जिन्यावरून पडलंय," म्हणाला. कुठल्या जिन्यावरून, ते आम्ही विचारलं नाही. रात्री कूस बदलताना तो कण्हायचा आणि सकाळी मला म्हणायचा, तुला स्वप्न पडलं असेल.

तो सुटून आला तो दिवस शनिवारचा होता. साहेब आले आणि माझा भाऊ त्यांनी पहिल्यांदा पाहिला. भिंतीकडे नाही, सरळ त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ. भाऊ उठून उभा राहिला. मग साहेब ह्यांना म्हणाले, "मास्तर, चित्र फिरवा. माझा चेहरा काढून टाका. ही जागा ह्यांची आहे."

चित्र फिरवलं. ह्यांनी कोळसा घेतला आणि भावाला समोर उभं केलं. "तेव्हासारखा उभा राहा," म्हणाले. भावानं हात उचलला. छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यानं डाव्या हातानं उजव्याला आधार देऊन आणखी वर नेऊन पाहिला, ओठ दातांखाली धरले, आणि हात खाली पडला.

"नुसता चेहरा काढा ना," मी म्हटलं. "हात चित्रात आहेच."

"हात वर गेल्याशिवाय मान तशी येत नाही," हे म्हणाले. "जबडा तसा येत नाही."

"मग हात खाली घ्या," साहेब म्हणाले. "जातो तिथवरच काढा. खरं आता ते आहे."

"त्या दिवशी हात वर होता, साहेब."

"आज नाही. तुमचाच नेम आहे मास्तर, समोर असेल तेच काढायचं."

"मी कोपरा काढलाय, तुरुंग नाही काढला!"

आवाज चढले. किती दिवसांनी ते दोघं असे भांडत होते. आणि मधे माझा भाऊ उभा, एकदा ह्यांच्याकडे, एकदा साहेबांकडे बघत, आपला हात आपल्याच पोटाशी धरून. मला ते सहन झालं नाही. "गप बसा दोघंही," मी ओरडले. चाळीतल्या झडपा लागल्याचा आवाज आला. मी भावाच्या मागे गेले, त्याच्या कोपराखाली माझे दोन्ही हात घातले आणि तो हात वर उचलला. खांद्यात कुठेतरी काहीतरी कटकन वाजलं.

"दुखता?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. त्याचं अंग घामानं थबथबलं होतं.

"काढा," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी काढायला घेतलं. साहेबांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड केलं. भावाचा हात जड होत गेला, माझे दंड भरून आले, आणि तो दात खाऊन समोर बघत राहिला. झालं का, असं मी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

"अजून थोडं," हे म्हणाले. मी हात सोडला नाही.